गिटारच्या बटणातली हळद

माझा मुलगा त्रेचाळीस वर्षांचा आहे आणि लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार होती ती खरखरीची.

गिटार विजेवरची. तिला फिरवायची दोन बटणं, एक आवाजाचं आणि एक टोनचं. कोणतंही फिरवलं की स्पीकरमधून वाळलेल्या तुरीच्या शेंगा तुडवल्यासारखा आवाज येई. आणि हा फिरवल्याशिवाय राहत नसे. गाणं सुरू झालं की बोट बटणावर, संपलं की बोट बटणावर.

एक दिवस बँडचे मास्तर ओट्यावर चहाला बसले आणि मला म्हणाले, "मावशी, तुन्हा पोऱ्याले सांगी ठेव. गावना लगीनमा खरखर व्हयनी ते मी दुसरा गिटारवाला लई येसू."

मुलगा आत बसून ऐकत होता. बाहेर मात्र आला नाही. ते लग्न चार दिवसांवर होतं, आमच्याच गल्लीतलं. स्वतःच्या गल्लीत दुसऱ्याला आपल्या जागी उभं केलं तर माणूस तोंड कुठे लपवणार? आमचं गाव रनाळे मोठं आहे, पण तितकं मोठं नाही.

मास्तर गेले तसा तो माझ्या शिलाई मशीनजवळ गेला.

"काय करी ऱ्हायना रे?"

"माय, बटण जाम शे. तुन्हं तेल टाकी ऱ्हायनू."

मी चौथीपर्यंत शिकले. मशीन अडलं की तेल, एवढं मला कळतं. तेव्हा खरं सांगायचं तर मीच म्हटलं, अजून दोन थेंब टाक. तासभर खरखर बंद झाली. आम्ही दोघंही शहाणे झालो. दुसऱ्या दिवशी ती दुपटीने आली, आणि मधूनच आवाज पार गायब.

मग मी स्वतः गिटार जुन्या चादरीत गुंडाळली आणि त्याला घेऊन नंदुरबारला गेले. एकटा पाठवला असता तर चहा पिऊन परत आला असता. दुरुस्तीवाल्याने मागची पट्टी उघडली, आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आजी, हाई गिटार शे का लोणचानी बरणी?"

आत सगळं पिवळं. तेलात कालवलेली हळद, वर धूळ. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडे मांडवात हळदीला कोणी कोरडा सुटत नाही. वाजवणाऱ्यांनाही बायका हळद लावतात, गालांना, हातांना. आणि हा त्याच बोटांनी वर्षानुवर्षं बटणं फिरवत आलेला. वरून माझं तेल.

दुरुस्तीवाल्याने बटणाखाली आत असलेल्या डबीच्या फटीत बारीक नळी घातली, स्प्रे मारला आणि बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवलं. पिवळं पाणी गळलं. पुसलं, परत मारलं, परत फिरवलं. तीनदा असं केल्यावर स्वच्छ ओघळ आला. मग सुकू दिलं. "तेल परत टाकू नका," तो मला म्हणाला, मुलाला नाही. आवाजाचं बटण गुळगुळीत झालं. टोनच्या बटणातली काळी पट्टी मात्र घासली गेली होती, ते फिरवलं की खरखर येणारच. नवीन डबी त्याच्याकडे नव्हती. "हे पूर्ण फिरवून ठेवा आणि हात लावू नका."

हात लावू नका! कोणाला सांगत होता तो!

हळदीच्या दिवशी ऊन उतरल्यावर बायका ताट घेऊन बँडकडे निघाल्या. मी मुलापुढे जाऊन उभी राहिले. नवरीची मावशी हसली.

"तुन्हा पोऱ्यानं लगीन शे का वं, इतली राखण करी ऱ्हायनी?"

"गालले लाव, कपायले लाव. हातले लावशी ते ताट पालथं करसू."

सगळ्या बायका खिदळल्या. मुलाचे कान लाल झाले. "माय, घर जाय ना," तो दात चावून म्हणाला. मी गेले नाही. त्याचं बोट दोनदा टोनच्या बटणाकडे गेलं, दोनदा मी खोकले.

खरखर आली नाही. एकदाही नाही. पण ती गेल्यावर दुसरंच कानावर आलं. दर गाण्यात याचे दोन-तीन सूर चुकत होते. इतकी वर्षं खरखरीखाली ते कोणाला ऐकू आलेच नव्हते.

मास्तरांना ऐकू आले. वाजवणं थांबल्यावर ते आमच्याकडे आले, त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऱ्हाऊ दे याले," म्हणाले. "पण आते रोज सकाय दोन तास बसाड, मावशी. चुकस तो."

जागा राहिली. आता तो रोज सकाळी ओट्यावर बसतो आणि एकच ओळ चाळीसदा वाजवतो, चाळीसही वेळा त्याच जागी चुकतो. मी आत बसून ब्लाउज शिवते आणि प्रत्येक चुकीला ओरडते. त्याला वाटतं मी मुद्दाम ओरडते. मुद्दामच ओरडते.