तुटक रेघ

भाचीला कॉम्प्युटरवरचा नकाशा वापरायला मीच शिकवलं. सगळे थर एकदम लावायचे नाहीत, एकेक लावायचा. कोणती रेघ कशाची, हे आधी सूचीत पाहायचं. मग खाली उपग्रहाचं चित्र लावून ती रेघ जमिनीवर खरंच आहे का, तेही बघायचं. ती म्हणते, मावशी, किती संशयी आहेस गं. आहेच मी. तुटक रेघ दिसली की अजून मी आधी सूची उघडते.

ऐंशीच्या दशकात आमचे हे पांढुर्ण्याच्या शाळेत भूगोल शिकवायचे. कुणाकडून तरी मागून आणलेला सर्व्हेचा नकाशा त्यांनी ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतला होता. मूळ नकाशात पायवाट लाल आणि गावाची हद्द काळी, दोन्ही तुटक. यांनी सगळंच पेन्सिलीनं काढलं. तो कागद खिशात आला आणि यांना कुणाला रस्ता विचारायची लाज वाटू लागली.

त्या थंडीत संत्र्याच्या तोडीला आम्ही मोहगावजवळ नणंदेच्या शेतावर गेलो होतो. मुलगी अजून रांगतही नव्हती. परतीची बस चुकली. नणंद राहा म्हणत होती, पण यांनी कागद उलगडला. ही पायवाट सरळ सडकेवर निघते, तिथं सौंसरची कोणतीही गाडी मिळेल, सौंसरहून पांढुर्णा, म्हणाले. मास्तर बोलले म्हणजे संपलंच.

थोडा वेळ पायाखाली बांध होता, मग तोही नाहीसा झाला. तुरीतून, बोरीच्या काट्यांतून आम्ही चाललो. दिवस बुडाला तशी मला विहिरींची भीती वाटायला लागली. तिकडच्या बगीच्यांत जुन्या विहिरी जमिनीलगत, बिनकठड्याच्या. मी दिवसाही त्यांना लांबून वळसा घालायची. मी मागे पडते म्हणून यांनी मुलगी माझ्याकडून घेतली, खांद्यावर टाकली आणि पुढे झाले.

तेवढ्यात मला दगडाची ठेच लागली. हात टेकला तर बोटांना ओलसर शेंदूर लागला. शिवेवरचा दगड. लग्न होऊन येताना अशाच दगडापाशी आमची गाडी थांबवून नारळ फोडला होता. शीव ओलांडायची असते, तिच्यावरून कुणी चालत जात नाही. म्हणजे कागदावरची ती रेघ वाट नव्हतीच. आम्ही दोन गावांची हद्द तुडवत होतो, आणि हद्द काय, विहिरीवरूनही जाते.

अहो, थांबा, असं मी म्हटलं. सडक आलीच, चल, म्हणाले. मी पुन्हा हाक मारली. ते उताराबद्दल काहीतरी समजावत चालतच होते. अंधारात फक्त त्यांचा सदरा दिसत होता, आणि त्याच्यावर माझी मुलगी.

मग मी त्यांना नावानं हाक मारली. नवऱ्याचं नाव उखाण्याबाहेर मी कधी घेतलं नव्हतं, आमच्यात कुणीच घेत नसे. आडनावासकट, गळा फाडून घेतलं.

ते जागच्या जागी उभे राहिले. त्यांच्या पायापुढचं ढेकूळ सुटलं, आणि जरा वेळानं खूप खाली पाणी वाजलं.

मी त्यांच्यापर्यंत कशी गेले, आठवत नाही. सदरा धरून त्यांना मागे ओढलं आणि मुलगी घेतली. ती झोपेतच होती. नणंदेच्या शेतातला दिवा दिसत होता, त्याच्या रोखानं आम्ही एकेक पाऊल चाचपत परत निघालो. कागद त्यांनी घडी करून खिशात ठेवला, याचा मला भयंकर राग आला.

पायाखाली पुन्हा बांध लागला तेव्हा ते हळूच म्हणाले, "तू माझं नाव घेतलं."

"अहो तं दोनदा म्हटलं," मी म्हणाले, "तुम्ही चालूनच राहिले होते."