पत्रिकेवरचं कार्यालय

शेजारणी वैष्णवीला विचारायच्या, "दिवसभर काय करतेस गं त्या लॅपटॉपवर?" ती सांगायची, चादर विणणारा वेगळा आणि घडी घालून गठ्ठा बांधणारा वेगळा, मी सॉफ्टवेअरचे गठ्ठे बांधते. शेजारणी मान डोलवायच्या. कळलेलं कुणालाच नसायचं, जाऊ द्या.

वळसंग गावची ही पोर, घरातली पहिली पगारदार. आईला घेऊन सोलापूर शहराच्या जुळे सोलापूर भागात राहायची. काम पुण्याच्या कंपनीचं, घरूनच, पण पहिले तीन महिने कच्चे. त्यातले आठ दिवस उरले आणि तिचं पॅकेज काही गिऱ्हाइकांच्या मशीनवर भलत्याच फोल्डरमध्ये जाऊन बसायला लागलं. हे निस्तरलं नाही तर नोकरी गेली, इतकं सरळ होतं.

सामान कुठल्या फोल्डरमध्ये जायचं ते सेटिंगच्या फाइलमध्ये, एका व्हेरिएबलमध्ये म्हणजे नाव दिलेल्या खणात, लिहिलेलं. वैष्णवीची शेल स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी हुकुमांची यादी, त्या व्हेरिएबलची पहिली ओळ उचलायची आणि सांगितलेल्या जागी सामान ठेवायची. ती ओळ तिनं पन्नासदा वाचली. अक्षर न् अक्षर बरोबर. डोकं धरून बसली बिचारी.

तेवढ्यात आई, गोजाबाई, बाहेर आली. दुसऱ्या दिवशी वैरागला पाहुण्यांचं लग्न होतं. "कार्यालय कुटलं हाय गं?" वैष्णवीनं पत्रिका वाचून दाखवली. पण गोजाबाईचं समाधान होईना.

"पत्रिका छापून म्हयना झाला की. मागनं बदललं आसंल तर? लग्नघरी फोन लाव."

"अगं, स्वच्छ छापलंय इथं."

"छापलेलं ऱ्हाऊ दे. आज काय ठरलंय ते घरच्यास्नीच ठावं."

फोन लावला. कार्यालय खरंच बदललं होतं. आई ऐटीत चहा टाकायला गेली आणि वैष्णवी फोन हातात धरून तशीच उभी राहिली.

मग तिनं फाइल शेवटपर्यंत वाचली. तीसेक ओळींखाली त्याच व्हेरिएबलमध्ये नव्या मशीनसाठी दुसराच फोल्डर लिहिलेला! सॉफ्टवेअर जुळवून तयार करणारं बिल्डचं टूल सगळी फाइल वाचून शेवटी जे ठरेल ते धरायचं. हिची स्क्रिप्ट पहिल्याच ओळीला भुललेली. वैष्णवीनं स्क्रिप्टचं फाइल चाळणंच बंद केलं. आता स्क्रिप्ट टूललाच विचारू लागली: सगळं वाचून झाल्यावर तुझ्याकडे फोल्डर कोणता ठरला?

गुपचूप दुरुस्त करता आलं असतं, पण तिच्या मनाला ते पटेना. साहेबांना, आदिनाथ सरांना, तिनं लिहून टाकलं: चूक माझी, अशी झाली, अशी काढली.

तासाभरात सरांचा फोन. "वैष्णवी, तुमचं वाचलं आणि माझ्या जुन्या स्क्रिप्ट उघडून बघितल्या. चाळीसच्या चाळीस पहिलीच ओळ वाचतात. अजून कुठं फुटलं नाही हे नशीब."

"मग, सर?"

"मग काय, तुम्हीच बदलायच्या सगळ्या. सहा महिने तरी जातील."

"पण माझी मुदत तर सोमवारी संपते."

"संपू दे. नोकरी कायम केल्याचं पत्र आज निघतंय."

वैष्णवीच्या डोळ्यांत पाणीच आलं. ते न पुसताच तिनं आधी आईला हाक मारली.