वाडग्याचं फाटक

आटपाडीच्या हरणाबाईचा नवरा म्हाकू मेंढरं राखायचा. पुढं पुढं चार पावलांतच त्याला धाप लागायला लागली. सांगलीच्या डॉक्टरांनी तिला समजावलं, "फुफ्फुसातनं आलेलं ताजं रक्त हृदयाच्या वरच्या कप्प्यातून खालच्यात उतरतं, तिथून अंगभर जातं. यांची मधली झडप नीट लागत नाही, म्हणून रक्त मागं फिरतंय."

"म्हंजे वाडग्याचं फाटकच की," हरणाबाई म्हणाली. "आत गेल्यालं मेंढरू मागं येऊ न्हाई."

धातूची झडप बसली. मग म्हाकूच्या छातीतून टिकटिक ऐकू यायची. मेंढरं त्या आवाजाला टेकून रवंथ करायची.

यंदा संक्रांतीला टिकटिक थांबली. तेव्हापासून हरणाबाई सांजेला वाडग्याचं फाटक उघडंच ठेवते.

"वैनी, लांडगं येत्याल की! लावा ते," दीर खेकसला.

"न्हाई लावायची. लागलं की मागं फिरायला वाट ऱ्हात न्हाई."

दीर स्वतःच फाटक ओढायला गेला आणि थबकला. आत मेंढरं माणसाएवढी जागा सोडून भोवतीनं बसली होती. त्या मोकळ्या जागेतून टिकटिक येत होती.

दिरानं फाटकावरचा हात हळूच काढून घेतला.