तांबड्याचं सुजलेलं तोंड

लग्न होऊन शहागडहून सासरी निघाले, तेव्हा पाठराखीण म्हणून आत्या गाडीत बसली आणि गाडीखालून आमचा तांबडा कुत्रा चालू लागला. हाकलला, दगड भिरकावला, न्हाईच फिरला. अंबडच्या पुढं माझं सासर, तिथवर बैलांच्या पायात चालत आला मेला. आत्या आठवड्यानं परत गेली, हा राहिला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे, गोठ्यात पडून राहील." त्या दिवशी मी त्या घरात पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्याच उन्हाळ्यात गावातल्या एका पोराला पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि पोर गेलं. शेवटी शेवटी पाण्याचा तांब्या दिसला तरी ते किंचाळायचं, असं बाया विहिरीवर सांगत. मंग काय, कुत्रं दिसलं की लोकांच्या हातात काठी. त्यांचं तरी काय चुकलं? ज्याचं जळतं त्याला कळतं. मलाच ते ऐकून झोप लागत नव्हती.

एका सकाळी अंगणात आरडाओरडा झाला. दाराच्या फटीतून पाहिलं. तांबड्याचं तोंड सुजून भोपळ्याएवढं झालेलं, डोळे मिटलेले, लाळ गळतेय, आणि तो भिंतीला अंग घासत वेड्यासारखा फिरतोय. भोवती काठ्या घेतलेले गडी, मधे माझे सासरे, मामंजी.

"पिसाळलं! हाणा जल्दी, कुनाला चावायच्या आत!"

मला कळलं होतं काय झालंय ते. माहेरी एकदा त्यानं बैलांची भुईमुगाची पेंड खाल्ली होती, तेव्हा असंच तोंड सुजलं, अंगभर गांधी उठल्या. माणसाला पित्त उठल्यावर करतात तेच आईनं केलं. गेरू फासला, घोंगडीत गुंडाळलं. दिवस मावळेपर्यंत सूज उतरली. "ह्याला पेंड सोसत न्हाई बाई," आई म्हणाली होती. आणि आता गोठ्यात म्हशीपुढची पाटी उलटी पडलेली दिसत होती, तांबड्याच्या मिशांना भिजलेली पेंड चिकटली होती.

पण सांगायचं कुणाला? सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं न्हाई, पुरुष बाहेर असले की उंबरा ओलांडायचा न्हाई. नवरा शेतात गेल्ता. सासूबाईंना म्हटलं, "पेंड खाल्लीय हो त्यानं, सांगा ना त्यांना."

"अन् तसं नसलं तर? कुनाचं लेकरू चावलं तर तू भरून देशील का?"

खात्री मलाही कुठं होती? एकदाच तर पाहिलेलं! तेवढ्यात एकानं काठी उगारली. मी पाण्यानं भरलेली परात उचलली आणि उंबरा ओलांडला. निम्मं पाणी लुगड्यावर सांडलं.

"पिसाळलं असंल तर पाणी पिणार न्हाई," मी म्हणाले. कुणाकडं बघून म्हणाले, देव जाणे. मामंजींनी ऐकलेलं माझं ते पहिलं वाक्य.

तांबड्यानं परातीत तोंड घातलं आणि चटकन मागं ओढलं.

"बघा! भ्यालं पाण्याला!"

पण त्याचे ओठ इतके सुजले होते, पिणार कशानं बिचारा? मी खाली बसले, ओंजळीत पाणी घेतलं आणि त्याच्या तोंडाशी धरलं. आतून सासूबाई किंचाळल्या. त्याची गरम जीभ हाताला लागली, दात बोटावर घासला, आणि तो प्यायला. मी पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा प्यायला.

"काठ्या ठिवा खाली," मामंजी म्हणाले. "बांधून घाला त्याला."

गेरू लावला, घोंगडी घातली, दिवस मावळायला त्यानं डोळे उघडले. जिंकले म्हणावं, तर कसलं काय! बोटावर ओरखडा उठलेला, त्यातून जरासं रक्त आलेलं, ते कुणीतरी बघितलं होतं. "कुत्रं जगलं तर बाई जगंल," गावात बोलणं सुरू झालं. अंबडच्या दवाखान्यात पोटात सुया टोचतात म्हणे. पण नव्या सुनेला तिथं नेणार कोण? माझं ताट वेगळं झालं. पोरं जवळ येईनात. घरात कुणी माझ्या हातचं पाणी पिईना.

मी वरून हसायची. आतून मेल्यासारखी झाले होते. रोज सगळ्यांच्या आधी उठून रांजणापाशी जायची आणि गळा आवळतो का बघायला तांब्याभर पाणी घटाघटा प्यायची. एकदा ठसका लागला, तर रांजणाला धरून तशीच बसले. वाटलं, संपलं आपलं. मग गोठ्यात जाऊन तांबड्याला बघायचं. तो शेपूट हलवायचा, तेवढ्यावर दिवस निघायचा.

पुष्कळ दिवस गेले. एका दुपारी मामंजी शेतातून आले, ओसरीवर भावकीतले चौघे बसलेले. सासूबाईंनी पाणी पुढं केलं, ते त्यांनी घेतलं न्हाई.

"सूनबाईला आणू दे."

मी तांब्या भरून नेला. मामंजींनी तो तोंडाला लावला आणि एका दमात रिकामा केला. पदराआडून मी पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट पाहिलं. तांब्या धरलेला त्यांचा हात माझ्याइतकाच थरथरत होता.