परमिट रूममध्ये आलेला पाहुणा

लातूर जिल्हा नवा झाला आणि माझी बदली उस्मानाबादहून तिथे झाली. कचेरीत टेबलं कमी आणि माणसं जास्त. भाड्याची खोली मिळाली ती पत्र्याची. संध्याकाळीसुद्धा तिच्यात बसवत नसे, म्हणून औसा रोडवरच्या एका परमिट रूममध्ये माझी ऊठबस सुरू झाली. मागच्या अंगणात लिंबाची दोन झाडं होती, त्यांच्याखाली लोखंडी खुर्च्या. मालक कपाळाला भस्म लावून गल्ल्यावर बसायचे, स्वतः थेंबाला शिवत नसत. सगळे त्यांना अप्पा म्हणायचे.

तिथलं सुख असं, की काही सांगावं लागत नसे. खुर्चीत टेकलो की बिअरची एक बाटली आणि कांदा-लिंबू घातलेले शेंगदाणे समोर यायचे. चेहरा उतरलेला दिसला तर अप्पा परस्पर लिंबू-सोडा पाठवायचे, आणि त्यावर वाद चालत नसे. त्रासही हाच. केस बारीक करून गेलो तर चारही टेबलांनी मत दिलं. आमचे हेडक्लार्क आत पंख्याखाली बसत, त्यामुळे आजारपणाची रजा टाकली की तिकडे फिरकायची सोय नव्हती.

त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येऊ लागलं, तेव्हा अप्पांनी दारात पाटी लावली: ‘पिण्याचे पाणी ज्याने त्याने आणावे.’ मी फिरकीचा तांब्या घेऊन निघायचो. शेजारच्या काकू ओट्यावरून विचारायच्या, “निघालात का भाऊ?” गल्लीला वेगळं काही सांगायची गरज उरली नाही.

एके दिवशी उन्हं कलताना धोतर-टोपीतले एक वयस्क गृहस्थ माझ्या समोरच्या खुर्चीत येऊन बसले. त्यांनी पाणी मागितलं. वेटरने पाटीकडे बोट दाखवलं. मी माझ्या तांब्यातलं ओतून दिलं, ते दोन पेले प्यायले.

“लई बरं वाटलं,” ते म्हणाले. “सकाळपासून यष्टीत बसून हाय. तुमी रोज येता का हितं?”

“रोज नाही, काका. आठवड्यातून दोन-तीनदा. एकट्याला खोली खायला उठते.”

“लगीन?”

“उद्या मुलीचे वडील मामांच्या घरी येणार आहेत. माणूस कडक आहे म्हणतात, दारूचं नाव खपत नाही.”

“मग काय सांगणार त्यास्नी?”

“मामा म्हणतात, पीत नाही म्हणून सांग. पण मला खोटं बोलता येत नाही.”

ते उठून गल्ल्यापाशी गेले, अप्पांशी दोन शब्द बोलले आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांच्या बैठकीत तीच टोपी. भोकरहून आलेले मुलीचे वडील म्हणजे तेच. मामा ओळख करून द्यायला लागले, तर ते म्हणाले, “वळख झाली काल.”

“कुठे?” मामांनी विचारलं.

“पाणी पिताना,” एवढंच ते म्हणाले, आणि पत्रिका मागितली.

अप्पांनी नंतर सांगितलं. गृहस्थ आधी कचेरीत चौकशीला गेले होते, आणि शिपायाने त्यांना सरळ इकडचा रस्ता दाखवला होता. अप्पांना त्यांनी विचारलं, पोरगा कसा हाय? अप्पा म्हणाले, “एका बाटलीच्या वर जात न्हाई. पिऊन कुणाला उलटून बोललेला मी बगितला न्हाई. पण एकटा हाय, म्हणून येतो.”

लग्न भोकरला झालं. टँकरच्या पाण्यावर पंगती उठल्या. सासऱ्यांनी माझ्या बायकोला सगळं लग्नाआधीच सांगितलं होतं. तिने एकच अट घातली: जायचं तर शनिवारी, आणि सांगून. ती मी जवळजवळ पाळली.