अविधवा नवमीची सवाष्ण

लंडनला वेम्बलीत आमच्या वरच्या खोलीत एक विधुर भाडेकरू राहायचे. मी त्यांना भावजी म्हणायची. "बायको गेली," एवढंच त्यांनी सांगितलं होतं, आणि आपल्यात त्यापुढे कोणी विचारत नाही. पितृपक्षात अविधवा नवमीला, नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालतात. ती सवाष्ण दर वर्षी मी असायची. स्वयंपाकही मीच करायची म्हणा, पण ईलिंग रोडवरून नारळ आणि खण ते आणायचे, स्वतः वाढायचे, वाकून नमस्कार करायचे. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं मी आमच्या ह्यांना मुद्दाम ऐकवायची.

नव्वदीच्या दशकात एका सकाळी पोलीस आले आणि भावजींना घेऊन गेले. बायकोच्या खुनासाठी भारत सरकारनं त्यांना परत मागितलं होतं. "सासुरवाडीच्या लोकांनी रचलेली केस आहे, वहिनी. तिकडे नेऊन मला फाशी देतील," ते म्हणाले. मी पेटून उठले. आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात सह्या गोळा केल्या, एमपीला गाठलं, कोर्टाबाहेर थंडीत बोर्ड घेऊन उभी राहिले. "केस नीट समजून घेतलीस का?" असं ह्यांनी विचारलं, तर त्यांच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

शेवटी भारत सरकारनं हमी दिली, की दोषी ठरले तरी फाशी होणार नाही. मी देवापुढे साखर ठेवली आणि तुरुंगात भेटायला धावले.

"भावजी, जिंकलो. आता बिनधास्त जा, खरं काय ते सांगा आणि सुटून या."

त्यांचा चेहरा उतरला. "अहो वहिनी, फाशी होईल, एवढ्यावरच इथलं कोर्ट मला पाठवत नव्हतं. ह्या अश्युरन्सनं माझा डिफेन्सच गेला. आता पाठवतीलच."

"पण तुम्ही काही केलंच नाही ना?"

 ते म्हणाले, "तिचा स्वभावच तसा होता. माणसाचा तोल जातो."

 इतकी वर्षं मी कोणाच्या हातून जेवत होते? ह्या माणसानं मला पुरतं फसवलं होतं, आणि वर विचारत होता, "तब्येतीचं कारण देऊन अपील करता येतं म्हणे. मंडळाच्या सह्या मिळतील ना?"

फाशी कोणालाच देऊ नये, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते. पण त्या दिवशी मी पर्स उचलली आणि म्हणाले, "तिची आई अजून आहे, कोर्टात ऐकलं मी. हे स्वभावाचं तिच्यासमोर उभे राहून सांगा."