आंबिलीत दारू कुणी घातली

ईशा, रोहन — हे मी आजवर कुणाशी बोललेली नाही. तुमच्या बाबाशीही नाही. रविवारी फोनवर तो विचारतो, ‘आई, बाकी काय?’ आणि मी म्हणते, बाकी काही नाही. हे ते बाकीचं.

आधी इंग्रजीत लिहायला घेतलं होतं. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, तुम्हालाही तेच सोपं. पण इंग्रजीत माझी वाक्यं फार नीटनेटकी होतात. वाचताना वाटतं, काय समजूतदार बाई आहे. म्हणून मराठीत लिहिते आहे. अडलं तर बाबाला विचारा. त्यानं वाचलं तरी वाचू दे.

तुमचे आजोबा गेले, आत्या बंगळूरला, बाबा तिकडे परदेशात. बीदरच्या या घरात मी सकाळी पडदे सरकवायची आणि ऊन वाढलं की ओढून घ्यायची. मधल्या वेळात बोलायला कोण होतं? गल्लीत मला मान होता. मान असलेल्या माणसाकडे लोक काम घेऊन येतात, नुसतंच बसायला येत नाहीत.

नागम्मा नुसतीच बसायला यायची.

तिचा नवरा नौबादच्या वळणावर बार चालवायचा. तो गेल्यावर ती स्वतः गल्ल्यावर बसली. मूळचं मेंढपाळांचं घर. मेंढरं कधीच गेली, जमीन नव्हतीच. दुपारी बार रिकामा असला की मागच्या दारानं यायची, पदराखाली मिरचीभजी घेऊन. खुर्ची दिली तरी उंबऱ्यावरच टेकायची. ‘बाई, तुमच्या घरात धूळ बी परवानगी काढून येती,’ म्हणायची. मी हसायची. त्या घरात मी तेवढीच हसत असे — हेही तुम्हाला माहीत असू दे.

गल्लीतल्या बायका तिच्याशी रस्त्यात बोलायच्या. शेजारी मात्र बसायच्या नाहीत.

मी तुमच्याकडे येऊन गेले त्या उन्हाळ्यात तुमच्या गावात एक उत्सव होता, आठवतो? रस्त्यावरचा प्रत्येक बार आपलं एक खास पेय करून मांडत होता आणि लोक बाबागाड्या ढकलत, मुलांना खांद्यावर घेऊन या दारातून त्या दारात फिरत होते. रोहन, तू लिंबाचं सरबत सांडलं होतंस. परत आल्यावर हे मी नागम्माला सांगितलं. गंमत म्हणून. तिनं हातातलं भजं खाली ठेवलं.

‘मग आपल्या गावात कामून न्हाई?’

आपल्या गावातले बार म्हणजे हिरवे पडदे आणि अंधार. ती म्हणाली, ‘माझ्याकडं मानूस तोंड झाकून येतो न् तोंड झाकून जातो. रोज तेच बघून माझं बी तोंड तसंच झालंय, बाई.’ तिला काय हवं होतं ते मला त्या दिवशी कळलं. गल्लीतली चार माणसं, बायका धरून, एकदा तिच्या टेबलाशी उजेडात बसावीत. एवढंच.

आणि मी कामाला लागले. किती दिवसांनी मला काम मिळालं होतं! गावातल्या सगळ्या बारवाल्यांना नागम्मानं राजी केलं. मागे राहून बाकी सगळं मी आखलं. आठवडाभराचा उत्सव. पडदे काढायचे, दिवे लावायचे, प्रत्येक बारनं आपल्या मातीतलं एक पेय करायचं — चिंचेचं, जांभळाचं, पेरूचं — दारू घालून एक आणि मुलाबाळांसाठी बिनदारूचं एक. पाट्यांवरची इंग्रजी नावं माझी. कुठे काय मांडायचं तेही माझं. फक्त माझं नाव कुठे घ्यायचं नाही, असं मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. नागम्मानं कारण विचारलं नाही. तिला ते माहीत होतं. माझं तोंड झाकलेलं बरं, असंच ना?

आता आंबिलीकडे यायला हवं. मी मुद्दाम रेंगाळते आहे.

तुम्ही इथली येळवस कधी पाहिली नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव शेतात जातं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटं उभारायचं, लक्ष्मीची पूजा करायची, पालेभाज्या-दाण्यांची भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे. आणि आंबील — ज्वारीचं पीठ शिजवून ताकात रात्रभर आंबवलेली, लसूण-जिऱ्याची. ती मडक्यातून डोक्यावर न्यायची, आधी लक्ष्मीला दाखवायची, पिकावर शिंपडायची, मग प्यायची. ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं बोलवायचं. त्या दिवशी गावात मागे कुणी राहत नाही. आपलं शेत मन्नाएखेळ्ळीजवळ. नागम्मा दर वर्षी आपल्याकडे यायची.

उत्सव येळवसेच्या आधीच्या आठवड्यात होता. नागम्माच्या बारला कोणतं पेय द्यावं? मला सुचलं — आंबील. आंबट, खारट, जिऱ्याचा वास. थोडी व्होडका, वर हिरव्या मिरचीचा तुकडा. तुमच्या गावी असलं काही केलं असतं तर लोकांनी रांगा लावल्या असत्या. मी स्वतःवर फार खूश झाले.

नागम्मा म्हणाली, ‘ती नगं, बाई. ती लक्ष्मीची हाय.’

मी म्हटलं, अगं, ताक आणि ज्वारी तर आहे. तिनं पुन्हा एकदा ‘नगं’ म्हटलं. मी वर्गात विद्यार्थ्याला समजावतात तसं तिला समजावलं. शेवटी ती म्हणाली, ‘तुमी म्हनायलाव तर बरं.’ आंबील माझ्याच स्वयंपाकघरात आंबली. माझ्याच मडक्यात.

पहिल्या संध्याकाळी लोक आले. दिव्यांखाली, पडद्यांशिवाय. दोन कुटुंबं मुलांना घेऊन आली, पेरूचं सरबत पिऊन गेली. मी रस्त्यापलीकडे रिक्षात बसून पाहत होते. नागम्मा दारात उभी होती, नव्या लुगड्यात, आणि येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीतल्या बायका आल्या. कुठे? माझ्या व्हरांड्यात. शिकलेली, वयानं मोठी, म्हणून न्याय माझ्या दारात. पुढे शेवंताबाई — समोरच्या, ज्या मला अजून दर सणाला पुरणपोळी पाठवतात. बारवर त्यांचा तितका राग नव्हता. त्यांचे स्वतःचे भाऊ तिथे जायचे. राग होता तो आंबिलीवर. लक्ष्मीच्या प्रसादात दारू. यंदा पिकाला काही झालं तर?

त्यांनी नागम्मालाही बोलावून घेतलं होतं. ती पायरीखाली उभी राहिली.

‘आंबिलीत दारू घालायचं कुनाच्या डोस्क्यात आलं गं?’ शेवंताबाईंनी विचारलं.

नागम्मानं माझ्याकडे पाहिलं. तक्रार नव्हती त्या नजरेत, हे मी शपथेवर सांगते. ती फक्त वाट पाहत होती. वर्गात प्रश्न विचारल्यावर मी जशी मुलांची वाट पाहत असे, तशी. मी काय बोलायचं होतं? ‘माझ्या.’ एवढाच शब्द. मला कुणी मारलं नसतं, हाकललं नसतं. चार दिवस बायका कुजबुजल्या असत्या. तेवढंही मला नको होतं.

मग ती खाली बघून म्हणाली, ‘माझ्याच.’

इथवर ती भित्रेपणाची गोष्ट झाली. भित्रेपणा मी केव्हाच कबूल केला असता, बहुतेक. पण सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, मी काही तरी बोलावं म्हणून, आणि मी बोलले. स्वच्छ, शिक्षिकेच्या आवाजात. म्हणाले, ‘नागम्मा, असं करायला नको होतं तू. देवाधर्माचं तरी भान ठेवायचं.’

हे वाक्य मला कुणी बोलायला लावलं नव्हतं. ते माझं होतं.

नागम्मा ‘व्हय, बाई’ म्हणाली आणि गेली. मी सगळ्यांना चहा केला.

उत्सव त्याच दिवशी आटोपला. बाकीचे बारवालेही तिच्यावरच चिडले. तिच्या एका मडक्यानं सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी फिरवलं म्हणाले. हिरवे पडदे परत आले. ती मागच्या दारानं पुन्हा आली नाही, आणि मी कुठल्याच दारानं तिच्याकडे गेले नाही.

येळवसेला तिला कुणी बोलावलं नाही. मीही नाही. शेवंताबाई आणि आणखी दोघी माझ्या जीपमध्ये होत्या. नौबादचं वळण आलं. सगळी दुकानं बंद, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. बंद बारच्या पायरीवर नागम्मा एकटी बसली होती, नुसती, हात मांडीवर ठेवून. जीप हळू झाली तशी तिनं मान वर केली. मी मांडीवरच्या पिशवीचे बंद नीट करत राहिले, वळण सरेपर्यंत.

पुढे तिनं बार विकला. भाऊ हुमनाबादला ढाब्यावर होता, तिकडे गेली म्हणतात. चौकशी करणं अवघड नाही. मी केलेली नाही.

परवाच्या येळवसेला शेवंताबाईंची नवी सून आपल्या शेतात आली होती. जेवताना बोलता बोलता नागम्माचा विषय निघाला. सुनेनं विचारलं, ही कोण? शेवंताबाई म्हणाल्या, ‘व्हती एक. आंबिलीत दारू घालून आख्ख्या गावाला प्यायला दिली तिनं. इचार बाईंना, बाईंच्या समोरच झालं सगळं. व्हय की न्हाई, बाई?’

मी म्हणाले, ‘हो.’ आणि सुनेच्या ताटात भज्जी वाढली.